इरकलीचा किमोनो

१

जेवून वर आलो तर पुतळा उघडा.

कापडाच्या दुकानातून मागून आणलेला, हात नसलेला तो पुतळा हॉलच्या दारात सकाळपासून ऐटीत उभा होता. आता त्याच्या अंगावर सूत नव्हतं. मोनाली "अगं बाई गं!" करून अशी किंचाळली की खाली पंगतीत रेंगाळलेले लोक हातातली जिलेबी टाकून वर पळत आले.

किमोनो गेला होता. किमोनो म्हणजे जपानी माणसं घालतात तो पायघोळ अंगरखा. पण आमचा जपानचा नव्हता, इरकलीचा होता. आमच्यातल्या प्राचीनं तिच्या आईचं जुनं लुगडं आईला न विचारता कापून तो शिवला होता. अंजिरी रंग, बाह्यांना लाल काठ आणि पाठीवर इरकलीचा तो लाल-पांढरा टोप पदर. गेल्या मेळाव्यात तिनं तो सगळं जमवणाऱ्या सत्यजीतच्या हातात दिला आणि म्हणाली, "इथंच राहू दे. घरी नेला तर आई मला कापंल." तेव्हापासून तो आमचा झेंडाच झाला होता म्हणा ना.

आता हा मेळावा कसला, तेही सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. शिरूरातल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा छोटा हॉल. बाहेर फलक, "कौशल्य विकास कार्यशाळा". आत डझनभर मोठी, कमावती, काही लेकुरवाळी माणसं. कुणाच्या डोक्यावर निळ्या केसांचा टोप, कुणाच्या कमरेला फोमची तलवार. सगळ्यांना एकच वेड, जपानी कार्टूनांचं. ॲनिमे म्हणतात त्याला. ती काही लहान पोरांची कार्टूनं नव्हेत, मोठ्या माणसाच्या पोटातलं बोलणारी असतात. पण हे घरी सांगून बघा! "एवढी घोडी झाली आन् कार्टून बघती!" हे मी सख्ख्या मावशीकडून ऐकलंय.

म्हणून सत्यजीतनं मेळाव्याला एक नियम घालून दिलेला. आडनाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, नोकरी विचारायची नाही. ज्यानं आपणहून सांगितलं ते सांगितलं. आपल्याकडं माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि तेवढ्यावर त्याचं काय करायचं ते ठरवून मोकळे होतात. इथं ते नव्हतं. मला तो नियम फार आवडायचा.

माझं मी सांगते. मी करुणा, दौंड जंक्शनला टीसी. वय चाळिशीच्या पुढं, त्याच्या पुढचं विचारू नये. रेल्वे क्वार्टरमध्ये एकटी राहते. दिवसभर हजार माणसं माझ्याकडं बघून खिसे चाचपतात आणि संध्याकाळी मी दार उघडते तेव्हा आत कुणी नसतं. वर्षातला हा एक दिवस लोक माझ्याशी तिकिटाशिवाय काहीतरी बोलतात.

"आप्पा, गेट लावा!" सत्यजीत जिन्यातून राखणदाराला ओरडला. तो मांडवगण फराट्याचा, उसाच्या घरातला. कार्यालय त्याच्या मामाचं. एरवी मऊ माणूस, पण आता त्याचं तोंड लाल झालं होतं. "आपल्याच माणसांत चोरी? किमोनो सापडला न्हाई ना, तर हा शेवटचा मेळावा. सांगून ठेवतो." मग माझ्याकडं वळला. "टीसी ताई, आता तुम्हीच बघा."

मला मेळावा बुडायची भीती होतीच. पण त्याहून मोठी एक होती. प्राची आज येणार होती. सकाळीच तिचा निरोप आला होता, "आज येते. भेटल्यावर सगळं सांगते." तिला मी काय तोंड दाखवणार होते?

२

प्राची माझी मैत्रीण. खरं तर एकुलती एक म्हणा.

पहिल्या मेळाव्यात मी कोपऱ्यात एकटी बसले होते, तर ही पोरगी ताट घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडं बघून मला उगाच तिकीट दाखवावंसं वाटतंय." तेव्हापासून रोज फोनवर लिहिणं सुरू झालं. ड्यूटीवरून क्वार्टरवर आले की मी तिला लिहायचे, "पोचले." तिचं उत्तर यायचं, "बरं." एवढंच. पण जगात कुणालातरी आपण पोचलो हे कळवायचंय, यात काय असतं ते एकट्या माणसाला विचारा. मग दोघी आपापल्या खोलीत एकच मालिका एकदम लावायचो. सध्या एका दीपगृह सांभाळणाऱ्या पोरीची चालू होती.

पावसाळ्यापासून मात्र ती थोडी बदलली होती. आधी आवाजात निरोप पाठवायची, खिदळत, आता नुसती लिहायची. "घरात माणसं असतात" म्हणाली. आणि विचारायची फार. मालिकेतली म्हातारी मेली तेव्हा तर तिच्या कपड्यापासून उदबत्तीपर्यंत एकेक खोदून विचारलं. मी म्हणलं, अगं भवाने, हे सगळं तूच मला शिकवलंस ना? पण मला बरं वाटायचं. विचारणारं कुणीतरी आहे म्हणून मी सांगत सुटायचे.

असो. त्या दिवशी सकाळपासूनच किमोनोचं काहीतरी बिनसलेलं होतं.

मी आले तेव्हा तो उलटा नेसवलेला होता. उलटा म्हणजे आतलं बाहेर असं नव्हे. किमोनोच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींवर येतात. त्यात घालणाऱ्याची डावी बाजू वर हवी. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाला. आमच्यात नवीन आलेल्यालाही हे पहिल्या महिन्यात कळतं, कारण चुकलं की बाकीचे जीव खातात.

"हा मुडदा कुणी उभा केलाय?" असं म्हणून मी पट्टा सोडला आणि डावी बाजू वर घेतली.

सत्यजीतनं कानाला हात लावला. "ताई, मी नीट नेसवला होता. हा बघा फोटो." पहाटे त्यानं ग्रुपवर टाकलेल्या फोटोत खरंच डावी बाजू वर होती. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी बदललं होतं. तेवढ्यात म्हाळू आप्पांनी चहा आणला. आप्पा कार्यालयाचे राखणदार. निळ्या केसांकडं बघून दरवर्षी विचारतात, "लगीन कवा लागायचं म्हनायचं?" सगळ्यांना दुधाचा चहा आणि मला तेवढा कोरा, लिंबू पिळलेला. अगदी मला लागतो तसा. मी पिऊन टाकला आणि विसरले.

पहिली फिल्म संपली, दिवे लागले, बघते तर पुन्हा उजवी वर! आता मात्र माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "नीट ऐका! जिवंत माणसाची डावी वर, मेलेल्याची उजवी. पुन्हा कुणी प्राचीच्या किमोनोला हात लावला तर दंड करीन." सगळे हसले. मागच्या खुर्चीवर पांढऱ्या शर्टातला एक नवीन माणूस बसला होता, तो तेवढा हसला नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला कळलंच नसेल.

मी दुसऱ्यांदा डावी बाजू वर घेतली आणि आम्ही जेवायला खाली उतरलो.

३

पंगत चालू असताना आप्पा पाण्याचा जार घेऊन जिन्याच्या पायथ्याशीच बसले होते. त्यांना मी पहिलं धरलं.

"वर कोण कोण गेलं आप्पा?"

"सत्यजीत मालक गेलं फोन घिऊन. मग ही मोनालीताई, डोक्यावरचं टोपडं नीट कराया. तलवारवाला सुमित गेला. आन् त्यो पांढरा शर्ट. बाकी समदी जिलबीवर तुटून पडल्याली."

म्हणजे चारजण. नवरीची खोली मोकळी होती, तिथं मी एकेकाला बोलावलं. गाडीत विदाऊट तिकीट माणूस मी नुसत्या बसण्यावरून ओळखते, म्हणून मला वाटलं, हे सोपं जाईल.

सत्यजीत खुर्चीच्या टोकावर बसला. "आबांचा फोन आला होता. त्यांना वाटतंय मी ठिबकच्या प्रदर्शनाला आलोय. खालचा गलका त्यांना ऐकू गेला असता म्हणून वर गेलो."

"किमोनो तुझ्याच घरी असतो. विकायचं वगैरे मनात आलं का?"

"ताई! पुण्याच्या मोठ्या मेळाव्यावाल्यांनी मांडायला मागितला होता. मी प्राचीला विचारलं तर म्हणते, 'तू ठरव.' मला कसंतरीच झालं. ती एका टाक्यावरून तास तास भांडणारी बाई. असं म्हणंल व्हय ती? मी न्हाई दिला."

मोनाली राहूची, दोन मुलांची आई. घरी भिशीला जाते सांगून आलेली. तिच्या पिशवीतून मोजपट्टी आणि खडू निघाला. ती रडकुंडीला आली. "मला फक्त मापं घ्यायची होती हो. प्राचीकडं कागदावरचं माप कितींदा मागितलं. आधी म्हणायची, पुढच्या वेळी आणते. आता म्हणते, कुठं ठेवलंय ते सापडत नाही. तिचं आणि सापडत नाही? तिचे दोरे पण रंगावारी लावलेले असायचे! पण मी वर गेले तेव्हा किमोनो होता. मी हात लावायला भ्याले, तुम्ही दंड करणार म्हणाला होता ना."

सुमित सणसवाडीला कंपनीत मशीनवर असतो, तिथंच खोली करून राहतो. तलवारी, चिलखतं सगळं तो बनवतो. त्याला विचारलं तर तो भिंतीकडं बघूनच बोलला.

"मी तलवार आणायला गेलो होतो. किमोनोकडं बघितलंपण न्हाई. मला बघवत न्हाई तो."

"का रे?"

"ताई, कुणाला सांगू नका. पावसाळ्याच्या तोंडाला मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, विचार करून सांगते, हसत म्हणाली. मग गपच. परवा पुन्हा लिहिलं तर उत्तर आलं, 'तू चांगला मुलगा आहेस.' बास. असं कुणी कुणाला करतं का? राग हाय मला तिचा. पण चोर न्हाई मी."

मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण मी टीसी होऊन बसले होते.

शेवटी पांढरा शर्ट. नाव भारत. तिशी-पस्तिशीचा, सावळा, हाताला हात चोळत बसलेला. बरोबर पिशवीसुद्धा नव्हती. त्याच्याबद्दल सत्यजीत सांगत होता, "प्राचीचा निरोप होता, माझ्या ओळखीचा एकजण येतोय म्हणून. आला तो सगळ्यांत आधी आला. खुर्च्या लावायला मदत केली बिचाऱ्यानं."

मला ते ऐकून जरा लागलंच होतं. मला रोज लिहिणारी प्राची याच्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

"ॲनिमे बघता?" मी विचारलं.

"थोडं. आत्ता आत्ता."

"वर कशाला गेला होता?"

त्यानं मान खाली घातली.

"प्राची कुठंय? येणार होती ना?"

त्यानं मान वर केली. "मला नीट सांगता येत नाही ताई," एवढं म्हणाला.

बाहेर आले तर सगळ्यांचा निकाल लागलेलाच होता. मोनाली म्हणाली, "तोच असणार. नवीन आहे, त्याला डावं-उजवं कळत नाही, म्हणून तर उलटा नेसवत होता." सुमितनं मान हलवली. सत्यजीत म्हणाला, "पोलिसांना बोलवू का?"

पण साऱ्यांच्या पिशव्या उपसून झाल्या होत्या. गेटला कुलूप होतं. मग किमोनो गेला कुठं?

४

तेवढ्यात म्हाळू आप्पा कुरकुरत वर आले. "वरपक्षाच्या खोलीत पंखा कुनी चालू ठिवलाय? आज कंचा नवरदेव आलाय तिथं?"

वरपक्षाची खोली आमच्यातल्या कुणी वापरलीच नव्हती. ती मागच्या बाजूला, गच्चीकडं. चोरी झाली म्हणून आम्ही माणसांच्या पिशव्या बघत बसलो, खोली बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी गेले आणि दार ढकललं.

गादीवर किमोनो होता.

घडी घातलेला नव्हता, चुरगळून कोंबलेलाही नव्हता. गादीवर पांढरी चादर स्वच्छ ओढून त्याच्यावर तो निजवला होता. दोन्ही बाह्या अंगालगत सरळ, पट्टा नीट बांधलेला, एक सुरकुती नाही. आणि पुढची उजवी बाजू वर घेतलेली. शेजारी खुर्ची ओढलेली होती. कुणीतरी तिथं बसून राहिलं होतं.

माझ्या मागून सगळे आत डोकावले. "सापडला एकदाचा!" मोनाली म्हणाली. सत्यजीतनं सुटकेचा श्वास टाकला. "चला, मिटलं. कुणीतरी गंमत केली."

मला पहिल्यांदा ती इरकल कपड्यासारखी दिसली नाही. आत कुणीतरी झोपलेलं आहे असं दिसलं.

माणूस एकदा चुकतो. दुसऱ्यांदाही चुकेल. पण मी सगळ्यांसमोर घसा फोडून सांगितल्यानंतर तिसऱ्यांदा उजवी वर? आणि इतक्या मायेनं? ही चूक नव्हतीच. सकाळपासून कुणीतरी मला काहीतरी सांगत होतं, आणि मी शहाणी दरवेळी ते खोडून नीट करत होते.

"आप्पा," मी विचारलं. "सकाळी मला कोरा चहा तुम्ही कसा काय दिला?"

"मी न्हाई ओ. त्या पांढऱ्या शर्टानं सांगितलं. टीसी ताईस्नी दूध चालत न्हाई, कोरा करा, लिंबू पिळा."

मला दुधाचा चहा चालत नाही हे मी या लोकांत कधी बोलले नव्हते. दरवर्षी निमूट दुधाचाच घ्यायचे आणि नंतर पोट धरून बसायचे. ते फक्त एका माणसाला माहीत होतं.

५

मी सगळ्यांना तिथंच बसवलं. भारत दाराशी उभा होता.

"हे ज्यानं केलं त्याला डावं-उजवं कळत नाही असं तुम्ही म्हणता," मी म्हणाले. "उलट आहे. त्याला ते चांगलं कळतं. उजवी बाजू वर म्हणजे हा कपडा ज्याचा, ते माणूस आता नाही. तोंडानं बोलवलं नाही म्हणून त्यानं असं सांगितलं."

"ज्याचा म्हणजे?" मोनाली म्हणाली. "किमोनो तर प्राचीचा आहे."

सगळ्यांनी गादीकडं बघितलं. पंखा तेवढा फिरत होता.

"अहो पण ती येणार आहे ना आज," सत्यजीत हळू म्हणाला. "निरोप आलाय."

"निरोप येतात रे. पण आवाज कधीपासून आला नाही?" मी विचारलं. "सत्यजीत, टाक्यावरून भांडणारी बाई तुला म्हणते, तू ठरव. मोनाली, दोरे रंगावारी लावणारीला कागद सापडत नाही. सुमित, तुला..." त्याचं मी उघड केलं नाही. "आणि मला जिनं सगळं शिकवलं तीच मला विचारते, मेलेल्या म्हातारीची उजवी बाजू वर का घेतलीय? ते मी फोनवर तिला लिहून सांगितलं होतं. जिवंत माणसाची डावी, मेलेल्याची उजवी. म्हणजे ते तिनं वाचलंच नव्हतं, वाचणारं दुसरंच कुणीतरी होतं."

मी फोन काढला. माझं मन म्हणत होतं, नको पाठवूस. नाही पाठवलंस तर ती अजून येणारच आहे. कुठंतरी बसमध्ये आहे, उशीर झालाय, शिव्या देत जिना चढेल. पण मी लिहिलं, "प्राची, मी सगळं ओळखलं." आणि पाठवलं.

भारतच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात कापडाआडून उजेड लागला.

त्यानं खिशावर हात ठेवला, जसं काही ते दुखत होतं. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मी तिचा भाऊ," तो म्हणाला. "डेंग्यूचा ताप होता. चार दिवसांत संपलं सगळं. पावसाळ्यात."

सुमित उठून खिडकीकडं गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

मी मात्र उभीच होते आणि माझ्या अंगात नुसता जाळ झाला होता. "इतके महिने? रोज? दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करत होतास तू? लाज नाही वाटली?"

"वाटली ताई. रोज वाटली." त्याच्या डोळ्यातलं पाणी थांबेना. "तिच्या मातीवरून घरी आलो त्या दिवशी तिचा फोन वाजला. तुमचं होतं, 'पोचले.' वर स्क्रोल केलं तर रोज तेच. रोज 'पोचले', रोज 'बरं'. मला वाटलं, आज एवढं 'बरं' म्हणतो आणि उद्या सांगतो. उद्या तुम्ही लिहिलं, आज डोकं दुखतंय, कुणी नाही विचारणारं. मग कसं सांगू? मग त्या मालिका बघायला लागलो, तुम्हाला उत्तर देता यावं म्हणून. तुम्ही लोक कुठं राहता, काय करता, आडनाव काय, घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याच नावानं 'मी गेले' असं कसं लिहू? आणि समोर येऊन सांगायचं तर जाणार कुठं?"

तो नियम मला फार आवडायचा, असं मी मघाशी म्हणलं ना? त्या नियमापायी आमच्यातलं माणूस गेलं आणि आम्हाला महिनोन्महिने पत्ता नव्हता.

"आज सांगायचंच ठरवून आलो होतो," भारत म्हणाला. "सगळ्यांत आधी आलो. पण आल्या आल्या सत्यजीतनं विचारलं, प्राची नाही आली बरोबर? मग नाही झालं माझ्याच्यानं. म्हणलं, तुम्हीच शिकवलंय तसं सांगावं. तुम्हाला कळेल. तर तुम्ही ते सरळ केलंत. दोनदा."

"आणि हे?" मी गादीकडं बोट दाखवलं.

"आई मागते. तिनं ते लुगडं न विचारता कापलं म्हणून आई तिच्याशी बोलत नव्हती. बोलणं झालंच नाही मग. आता रोज म्हणते, तिनं काय शिवलंय ते मला बघू द्या. घेऊन जाणार होतो. पण तुमच्याच वस्तूची चोरी कशी करू? म्हणून इथं निजवलं आणि जरा शेजारी बसलो."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी गादीच्या कडेला बसले आणि हुंदका आला तो आवरता आला नाही. भर खोलीत, निळ्या टोपाच्या माणसांसमोर, मी टीसी, लहान पोरीसारखी रडले. मोनालीनं मला धरलं. सुमित खिडकीतून न वळता म्हणाला, "ती हसत म्हणाली होती, विचार करून सांगते. म्हणजे तिनं नाही म्हणलं नव्हतं, व्हय ना?"

"नव्हतं रे," भारत म्हणाला. "तिनं मला तुझं नाव सांगितलं होतं. तुला मी काय लिहिणार होतो? जे लिहिलं ते माझ्या मनचं लिहिलं."

सुमितनं कपाळ गजाला टेकवलं.

६

किमोनो आईकडं जायचा यावर कुणी दुसरं बोललं नाही. सत्यजीतनं फक्त एवढं विचारलं, "एकदा पुतळ्यावर चढवू का? सगळ्यांनी बघू द्या."

मीच चढवला. बाह्या सरळ केल्या, टोप पदर पाठीवर आणला. पुढं आले आणि हात थांबला. मग उजवी बाजू वर घेतली, माझ्या हातानं, आणि पट्टा बांधला. सगळे उभे होते. डोक्यावरचे टोप काढून हातात घेतलेले. म्हाळू आप्पांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी टोपी काढली होती.

मग घडी घालून आम्ही तो भारतच्या हातात दिला. सत्यजीतनं सगळ्यांना कागद फिरवला. "नाव, आडनाव, गाव, घरच्याचा नंबर. लिहा गपगुमान." कुणी कुरकुर केली नाही. मीही लिहिलं. घरच्याचा नंबर या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. मोनालीनं पेन घेतला आणि स्वतःचा लिहिला.

"तिचा फोन मी आता बंद करतो," निघताना भारत मला म्हणाला. "तुमच्यासमोर करू?"

"नको. गाडीत बसल्यावर कर."

शिरूरच्या स्टँडवरून एसटी मिळाली. खिडकीशी बसले. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती आणि मला घाई नव्हती. दौंडला उतरले तेव्हा नुकते दिवे लागले होते. क्वार्टरचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं, नेहमीसारखं. सवयीनं अंगठा तिच्या नावावर गेला. मी लिहिलं, "पोचले."

एक टिक आली. मी चप्पल न काढता उभी राहून बघत बसले. दुसरी टिक आली नाही.

कोरा चहा ठेवला. लिंबू कापत होते तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबरवरून निरोप होता.

"ताई, मी भारत. आईनं किमोनो मांडीवर घेतलाय. बोलतेय त्याच्याशी. तुम्ही पोचलात का?"

मी फोन ओट्यावर ठेवला. चहा उकळून अर्धा झाला. त्याच्यावर मी अजून चिडलेले होते, हेही खरं. मग लिहिलं, "पोचले. दीपगृहाचा पुढचा भाग राहिलाय. लावतोस का?"

"बरं," त्यानं लिहिलं.